परीक्षा लवकर संपली, म्हणजे गेलोच का?

गणेशचवथीची सुट्टी संपली की फोंड्यातल्या माझ्याकडे अकरावीचे पालक येऊ लागतात. म्हार्दोळहून मुलाला घेऊन आलेले एक बाबा बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, वीस प्रश्नांत सहामाहीचं माप काढतात का कधी?"

फिजिक्सची श्रेणी यंदा कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅडॅप्टिव्ह टेस्टवर, म्हणजे उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न बदलणाऱ्या परीक्षेवर, ठरणार होती. मुलाची टेस्ट विसाव्या प्रश्नालाच संपली, शेजारच्याची तिसापर्यंत चालली. "मी नापास होणार हे कॉम्प्युटरला आधीच कळलं," मुलगा म्हणाला. रफ कागदावर त्याने खुणा केल्या होत्या: सुरुवातीला सलग बरोबर, पुढे एकाआड एक प्रश्नचिन्ह.

ते पाहून मला हायसंच वाटलं. चपलांचा दुकानदार एक नंबरपासून सगळे जोड पायात घालून बघत नाही. सात घट्ट, नऊ सैल, की आठ काढतो. ही टेस्टही तशीच. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण, चुकलं की सोपा. त्यामुळे हुशार काय, मध्यम काय, बहुतेकांचे निम्म्याच्या आसपास चुकतात. श्रेणी ठरते ती कितपत कठीण प्रश्नांपर्यंत पोचलात त्यावर. अंदाज पुरेसा पक्का झाला की टेस्ट थांबते. दोन श्रेणींच्या सीमेवर घुटमळणाऱ्याला जास्त प्रश्न येतात, एवढंच.

बाबांचा चेहरा काही सैल होईना. त्यांची भाची नर्स, अमेरिकेला जायच्या तयारीत. मग मी एनक्लेक्सचं सांगितलं. नर्सिंगची ती परीक्षा 1994 पासून अशीच चालते. आता ती 85 प्रश्नांवर थांबू शकते किंवा 150 पर्यंत जाते, आणि 85 वर थांबलेल्यांत पासही असतात, नापासही. हे मात्र त्यांना पटलं.

मुलाची खरी अडचण वेगळीच होती. 'कठीण ते सोडा, शेवटी बघू' ही बोर्डाच्या पेपरची सवय. इथे मागे जाता येत नाही, म्हणून एकेका प्रश्नावर तो अडून बसायचा. घरी वेळ लावून, उत्तर देऊन पुढे सरकायचा सराव आम्ही ठरवला.

शाळेने हे आधी मुलांना सांगायला हवं होतं, असं माझं मत. मास्तरांचा वेळ वाचतो हे खरं, पण लांबलचक डेरिव्हेशन आणि प्रॅक्टिकल यात मोजलं जात नाही.

श्रेणी बी आली. शेजारच्यालाही बीच. कुठला धडा कच्चा, हे त्या अक्षरावरून कळेना, म्हणून धड्यांनुसार निकाल मागायला मुलगा स्वतःच सरांकडे गेला.