ताटल्या वाड्यातल्या, वाटा आत्याचा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी हकीकत थोडक्यात सांगतो. आजोबा दक्षिण महाराष्ट्रातल्या एका संस्थानाचे खासगी कारभारी. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा राजेसाहेबांनी त्यांना विलायती चांदीच्या सहा ताटल्या दिल्या. आजोबा १९६२ मध्ये मृत्युपत्र न करता गेले, आजी १९८० मध्ये. ताटल्या वडिलांकडे राहिल्या, आईवडिलांमागे तुमच्या लॉकरमध्ये आल्या. विकाव्यात म्हणून तुम्ही एका व्यापाऱ्याला फोटो पाठवले, ते फिरत फिरत राजघराण्यापर्यंत गेले आणि नोटीस आली: ‘ताटल्या सांभाळण्यासाठी दिल्या होत्या, पंधरा दिवसांत परत करा.’ आतेभाऊ म्हणतो, आईचा वाटा द्या. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, दोन मी बॅगेतून घेऊन जातो.

नोटिशीतला ‘सांभाळण्यासाठी’ हा शब्द चुकून पडलेला नाही. ठेव म्हटली की मुदत कायद्याचा अनुच्छेद ७० लागतो, आणि परत मागितल्यावर तुम्ही नकार द्याल त्या दिवसापासून दावा लावायची तीन वर्षं मोजली जातात. म्हणजे ‘पाऊणशे वर्षं झाली, आता कसली मागणी?’ एवढ्यावर भागणार नाही. पण ठेव होती हे आधी त्यांनी सिद्ध करायचं आहे. वस्तू ज्याच्या ताब्यात तो मालक नाही, हे दाखवायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर असते (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ११३, जुन्या कायद्यातलं ११०).

ते बहुधा जामदारखान्याची, म्हणजे वाड्यातल्या मौल्यवान वस्तूंच्या कोठाराची, यादी काढतील. काढू द्या. तुमच्या फोटोत ताटलीच्या पाठीवर ‘९’ आकडा आहे आणि शेजारी सुईनं ओरखडल्यासारखं वजन कोरलंय. मोठ्या घरच्या संचात प्रत्येक नगाला असा क्रमांक आणि वजन असायचं, नोकरानं बदलला तर कळावं म्हणून. यादीशी आकडे जुळलेच तर ताटल्या एके काळी वाड्यात होत्या एवढंच ठरतं, आणि ते आपण नाकारतच नाही. (आणि कृपा करून त्या पावडरनं घासू नका, पॉलिशला तर मुळीच देऊ नका. ते ओरखडे हा तुमचा पुरावा आहे.)

आपली बाजू बक्षिसाची. जंगम वस्तूच्या बक्षिसाला नोंदणीचा दस्त लागत नाही, हातात दिली आणि घेतली की झालं (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १२३). आजोबांच्या रोजनिशीत ‘सहा ताटल्या इनाम मिळाल्या’ अशी मोडीतली ओळ आहे म्हणता. तिचं जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून आला तर अक्षर ज्याचं म्हटलं जातं त्याचंच, असं कोर्ट धरू शकतं. मजकूर खरा की नाही हा प्रश्न मात्र उरतो. म्हणून मला रोजनिशीपेक्षा तुमच्या भावाच्या मुंजीचा १९७८ चा फोटो जास्त आवडला. पंगतीत खुद्द राजेसाहेब बसलेत आणि त्यांच्यापुढे यातलीच ताटली आहे. ठेव असती तर त्या दिवशी एक शब्द तरी निघाला असता.

आता कडू भाग. राजघराण्यापुढे ‘आजोबांना मिळालेलं बक्षीस’ म्हणालात की ती आजोबांची स्वतःची मिळकत झाली. आजोबा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर गेले, त्यामुळे कलम ८ प्रमाणे आजी, वडील आणि आत्या तिघं सारखेच वारस. आजींचा भागही पुढे मुलगा आणि मुलगी यांच्यातच वाटला गेला. हिशेब करा: आत्याच्या तीन, तुमच्या आणि भावाच्या मिळून तीन. प्रत्येकी दीड ताटली! ‘लग्नात तिला सगळं दिलं होतं’ हे वाक्य कोर्टात चालत नाही. ‘इतकी वर्षं आमच्याकडेच होत्या’ हेही सहसा नाही. तिचा वाटा उघडपणे नाकारलेला नसेल तर एका वारसाचा ताबा सगळ्यांसाठीच धरतात. एकाच वस्तूबद्दल वाड्याला एक आणि आत्याला दुसरं, असं सांगता येणार नाही.

भावाला आजच फोन करा. ताटल्यांवर उमटवलेल्या विलायती चांदीच्या ठशांत सिंह, बिबट्याचं मुंडकं, सालाचं अक्षर आणि राणीचं मस्तक दिसतंय. हे मस्तक कर भरल्याची खूण म्हणून १८९० पर्यंतच उमटवत, म्हणजे ताटल्या शंभरी कधीच ओलांडून गेल्या आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यात आल्या. खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पकडलं गेलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. भारतात विकायला बंदी नाही, पण व्यापाऱ्याकडे पुरावशेषांचा परवाना आहे का ते बघा. वाद मिटेपर्यंत मात्र विकूच नका. मालकी डळमळीत निघाली तर घेणारा तुमच्याच दारात येईल.

नोटिशीचं उत्तर वकिलामार्फत मुदतीत जाऊ द्या. त्याआधी आत्याकडे जाऊन या, आणि तिचा वाटा मान्य करूनच बोलायला बसा. ताटल्या धोतरात गुंडाळून घरी आल्या तेव्हा ती नऊ वर्षांची होती, असं तुम्हीच लिहिलंय. तो दिवस पाहिलेलं दुसरं कोणी आता हयात नाही. तिला आठवतंय ते तिच्याच शब्दांत प्रतिज्ञापत्रावर घ्या. वय शहाऐंशी आहे, पावसाळा संपायची वाट बघू नका.