खाडीतला मुक्काम आणि भरतीची वेळ

प्रश्न : आम्ही वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले सहा मित्र मार्चमध्ये देवबागला जाऊन कर्लीच्या खाडीत होडीने फिरणार असून एक रात्र काठावर राहण्याचा बेत आहे. मागच्या खेपेस परतताना आमची होडी दोन तास गाळात रुतून बसली होती. या वेळी काय काळजी घ्यावी?

उत्तर : आपली होडी अडकली ती बहुधा ओहोटीमुळे. भावनगरकडे पाणी दहा मीटरपर्यंत चढते-उतरते, तसे कोकणात होत नाही. पण खाडी उथळ असली की हातभर पाणी उतरले तरी होडीचा तळ टेकतो. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, आणि म्हणूनच शनिवारी सोयीची ठरलेली वेळ रविवारी तशीच धरून चालत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास ढोबळमानाने कळतो : पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अखेरचा शब्द मात्र तिथल्या नावाड्याचाच मानावा. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात ओहोटीही तितकीच खोल जाते, तेव्हा अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत कमी असण्याचा काळ, निवडावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कांदळवनाच्या मुळांवर ओल्या गाळाची रेघ उघडी पडू लागली की पाणी उतरू लागले असे समजून लगेच परतावे. रात्री होडी बांधताना दोर ढिला ठेवावा, आणि जीवरक्षक जाकीट पोहता येणाऱ्यांनीही घालावे.