बेचाळीस दिवस उरलेत, आता सांगून टाका

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. नोकरी जाऊन अठरा दिवस झाले, तरी तुमचे मिस्टर रोज सकाळी लॅपटॉप घेऊन लायब्ररीत जातात आणि मुलांना वाटतं, बाबा ऑफिसला गेले. मित्रांना पत्ता नाही, सासूसासऱ्यांनाही नाही.

आधी दिवसांचं बोलू. ते अमेरिकेत एच१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, तुम्ही आणि मुलं एच४वर, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर; म्हणून सगळ्यांचं राहणं त्यांच्या नोकरीला बांधलेलं. २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे नोकरी संपल्यावर अमेरिकेत जास्तीत जास्त ६० दिवस राहता येतं. आय-९४ची (देशात राहण्याची तारीख लिहिलेल्या प्रवेशनोंदीची) मुदत त्याआधी संपत असेल, तर तेवढेच. सेव्हरन्सचे, म्हणजे नोकरी गेल्यावर कंपनी देते ते पैसे पुढे तीन महिने येत राहिले तरी हे दिवस वाढत नाहीत. इथे भलेभले फसतात.

अठरा गेले, बेचाळीस उरले, पण हातात खरे त्याहून कमी आहेत. नव्या कंपनीने मुदतीत एच१बीचा अर्ज दाखल केला, तर मंजुरीची वाट न पाहता काम सुरू करता येतं. मात्र त्या अर्जाआधी कामगार खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दल कंपनीचा अर्ज) मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यालाच कामाचे सात दिवस जातात. शिवाय कागदपत्रं, वकील, सह्या. म्हणून ऑफर नोकरी गेल्यापासून पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आत हातात यायला हवी, असं धरून चाला. तोवर काही जमलं नाही, तर साठ दिवसांच्या आत आय-५३९ (व्हिसाचा प्रकार बदलण्याचा अर्ज) भरून बी-२, म्हणजे पर्यटकाचा दर्जा मागता येतो. त्यावर नोकरी करता येत नाही, पण वेळ मिळतो. याबद्दल स्वतःचा वकील याच आठवड्यात गाठा. जुन्या कंपनीचा वकील कंपनीचं काम बघतो, तुमचं नाही.

विम्याचंही बघून ठेवा. कोब्रा, म्हणजे जुन्या कंपनीचा आरोग्यविमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवण्याची सोय, घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात आणि घेतला तर तो जुना विमा संपला त्या दिवसापासून लागू होतो. हप्ता मात्र कंपनीच्या वाट्यासकट तुम्हालाच भरावा लागेल.

आता लपवण्याबद्दल. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा आम्ही पाच आठवडे कुणालाच कळू दिलं नाही. सहाव्या आठवड्यात एका मित्राला सांगितलं. तो कळवळून म्हणाला, 'अरे, आमच्या टीममधली जागा मागच्याच आठवड्यात भरली!' ते वाक्य मला अजून टोचतं. अनोळखी पोर्टलवर शंभर अर्ज टाकण्यापेक्षा ओळखीच्या माणसाचं एक रेफरल पुढे नेतं, आणि माहीतच नसेल तर ते देणार कोण?

मेसेज लांबलचक नको आणि रडका नको. काय काम करतो, किती वर्षं, कोणत्या शहरात जायची तयारी आहे, एच१बी ट्रान्सफर (नव्या कंपनीचा अर्ज) कोणत्या तारखेच्या आत हवी. ती तारीख स्पष्ट लिहा. संकोचापायी ती गाळली, तर समोरचा 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून मोकळा होतो.

आईवडिलांना फोन मिस्टरांनी स्वतः करावा, तुम्ही नाही. मुलांना मात्र दोघांनी मिळून सांगा, आज रात्रीच. लायब्ररीत जायचंच असेल, तर उद्यापासून ते मुलांना खरं सांगून जाऊ देत.