एसएसबीवर आवाज कसा लावायचा

बाळा, सीबीवर, म्हणजे सर्वसामान्यांना आपसात बोलता येतं त्या रेडिओवर, एसएसबी लावलं की बोलणं कळत नाही, म्हणून सेट बिघडलेला नाही. एएम या साध्या पद्धतीत वाहक लहर, म्हणजे आवाज जिच्यावर बसवतात ती मूळ लहर, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे आवाजाचे पट्टे येतात. एसएसबीत (सिंगल साइडबँड) एकच पट्टा येतो, वाहक लहर तुझ्या सेटला स्वतः तयार करावी लागते. ती १०० हर्ट्झनं चुकली तरी आवाज बदलतो.

आधी स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारं बटण, पूर्ण उघड. मग यूएसबी (वरच्या बाजूचा पट्टा) की एलएसबी (खालच्या बाजूचा) ते ठरव. बाजूच चुकली असेल तर क्लॅरिफायर, म्हणजे फ्रिक्वेन्सी बारीक हलवणारं बटण, कितीही फिरव, शब्द लागणारच नाहीत. बाजू बरोबर असेल तर क्लॅरिफायर केसभर, अगदी सावकाश फिरव. यूएसबीवर आवाज चिरका आला तर फ्रिक्वेन्सी किंचित वर ने, घोगरा आला तर खाली. एलएसबीवर नेमकं उलट. समोरचा बोलत असतानाच लाव. तो थांबला की ऐकायला काहीच उरत नाही. आणि माणूस ओळखीचा वाटेल तिथं हात काढ, उगाच चाळवत बसू नकोस.

सोलापुरात घरात इन्व्हर्टर, स्वस्त एलईडी दिवे असतातच. त्यांची घरघर बारीक सिग्नल गिळते. एकेक बंद करून बघ. आपल्याकडे सीबीला २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ५ वॅटपर्यंत मोकळीक आहे, त्यापुढे जाऊ नकोस.