तेरा किलो परत आले, अठ्ठावीस अजून दूर आहेत

पत्र : ताई, मी फोंडा तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये शिकवते. वय ४७. आठ वर्षांपूर्वी मुंबईत माझी वजन कमी करण्याची ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११२ किलो होते. दीड वर्षात ते ७१ वर आले आणि मधुमेहाच्या गोळ्याही बंद झाल्या. आता वजन ८४ आहे. दर पावसाळ्यात दोन-तीन किलो वाढतात आणि पुढे ते उतरत नाहीत. यजमान म्हणतात, पैसे पाण्यात गेले. सासूबाईंना शस्त्रक्रियेचे ठाऊक नाही. त्या ताटात वाढतच राहतात. शेजारीण विचारते, ‘परत मोटी जाल्या गो?’ लाजेमुळे पाच वर्षे डॉक्टरांकडे गेलेले नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही सुटल्या. हल्ली थकवा फार येतो, तळपायांना मुंग्या येतात. संध्याकाळी वह्या तपासताना हात फरसाणाच्या डब्यात जातोच. माझी शस्त्रक्रिया वाया गेली का? दुसरी करून घ्यावी, की ती नवी इंजेक्शने घ्यावीत?

प्रिय भगिनी,

तुमचे तिन्ही प्रश्न वजनाचे आहेत, पण मला आधी तुमच्या तळपायांच्या मुंग्यांविषयी लिहायचे आहे, कारण ती गोष्ट अंगावर काढण्याजोगी नाही. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कायमचा काढून टाकतात. अन्नातील बी-१२ जीवनसत्त्व सुटे करणारे आम्ल आणि ते पुढे आतड्यात शोषले जावे म्हणून लागणारे प्रथिन, ही दोन्ही जठराच्या अस्तरातच तयार होतात. म्हणूनच हे जीवनसत्त्व अशा रुग्णांना आयुष्यभर बाहेरून घ्यावे लागते. यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे गोळ्या सोडल्यावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि गोळ्यांवाचूनही आपले ठीक चालले आहे असा समज होतो. साठा आटला की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि दीर्घकाळ दुर्लक्ष झाले तर मज्जातंतूंची झालेली हानी पूर्णपणे भरून येतेच असे नाही. दुसरे कारणही असू शकते. वजनाबरोबर मधुमेह परतला असेल, तर मुंग्या त्यानेही येतात. या दोहोंतले खरे कारण कोणते, हे केवळ रक्त तपासूनच कळेल.

तेव्हा याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरांकडे जा, शस्त्रक्रियेची गोष्ट त्यांना स्पष्ट सांगा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी या तपासण्या करून घ्या. तुमच्या वयात पाळीचा स्राव वाढलेला असेल तर तेही सांगा. लोहाची कमतरता आणि त्यातून येणारा थकवा यांचे ते एक नेहमीचे कारण आहे. गोळ्या पुन्हा सुरू होतील तेव्हा कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी घेऊ नका, त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट शोषले जात नाही. ही तपासणी यापुढे दरवर्षी, वजन वाढो वा न वाढो, करायचीच आहे.

आता शस्त्रक्रिया वाया गेली का, या प्रश्नाकडे येऊ. तुम्ही ७१ आणि ८४ या दोन आकड्यांची तुलना करता आणि खिन्न होता. मी ११२ आणि ८४ यांची तुलना करते. आठ वर्षांनंतरही तुम्ही मूळ वजनापेक्षा २८ किलोंनी खाली आहात, म्हणजे मूळ वजनाच्या बरोबर २५ टक्के. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्या हजारो रुग्णांचा अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, गॅस्ट्रिक बायपास (जठराचा छोटा भाग थेट आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले आणि दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. त्या अभ्यासातील इतर शस्त्रक्रियांत ती यापेक्षा बरीच कमी राहिली. तुमची स्लीव्ह त्या अभ्यासात नव्हती, म्हणून ही तुलना तंतोतंत नाही, पण आलेखाचे वळण तेच आहे. पहिली एक-दोन वर्षे वजन झपाट्याने उतरते, मग काही भाग परत येतो, मग ते स्थिरावते. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाणही शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा कमी आढळले, आणि हा लाभ वजनाचा काही भाग परत येऊनही टिकलेला होता.

काही वजन परत येते याचे कारण माणूस खादाड होतो हे नव्हे. वजन मोठ्या प्रमाणात घटले की शरीर विश्रांतीच्या अवस्थेतही पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करू लागते. चरबी घटल्याने तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन कमी होते. आणि उरलेले जठर कालांतराने थोडे अधिक अन्न सामावून घेऊ लागते. शस्त्रक्रियेने भूक वाढवणारे घ्रेलिन कमी केले, म्हणून पहिल्या वर्षी तुम्हाला फारशी भूकच लागली नाही, आणि त्या काळात जे सहज साधले ते आता कष्टाने साधावे लागते. लठ्ठपणा हा मधुमेहासारखाच दीर्घकाळचा आजार आहे आणि शस्त्रक्रिया ही त्याच्या उपचाराची एक पायरी होती. हे तुम्हाला त्या वेळी कोणी पुरेशा स्पष्टपणे सांगितले नसेल, तर ती उणीव सांगणाऱ्यांची होती. पाच वर्षे तुम्ही जी लाज वाहत आहात ती तुमच्या वाट्याची नाही, आणि तुमच्या पत्रातले सर्वांत अधिक नुकसान त्या तेरा किलोंनी नव्हे, या लाजेने केले आहे. तिच्यामुळेच औषधे सुटली आणि तपासणी थांबली.

जेवणाविषयी मात्र मी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या गोव्याच्या ताटात या शस्त्रक्रियेच्या दृष्टीने एक मोठी सोय आहे आणि एक मोठी अडचणही आहे. स्लीव्हचा आवळपणा घट्ट अन्नापुढेच खरा काम करतो. चावून खाल्लेला बांगड्याचा तुकडा, सुंगटे (कोळंबी), अंडे, पनीर किंवा चवळीची सुकी उसळ जठरात थांबते आणि चार घासांत पोट भरल्याचे कळते. हुमणात म्हणजे माशाच्या आमटीत कालवलेले मऊ शीत (भात), पेज, गोड चहात बुडवलेला पाव, आइस्क्रीम, इतकेच काय तोंडात विरघळणारे फरसाणसुद्धा जठरात न थांबता पुढे सरकते, त्यामुळे तृप्ती येत नाही आणि दिवसभर थोडे थोडे खाणे चालू राहते. तुमच्या घरी शीत-कडीच बंद करा असे मी सांगणार नाही, ते टिकणारही नाही. क्रम बदला. आधी नुस्त्याची (माशाची) फोड किंवा उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तरच शेवटी दोन घास शीत. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी किंवा सोलकढी घेऊ नका. दिवसाकाठी प्रथिने साधारण ६० ते ८० ग्रॅम व्हावीत असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि तो फक्त दुपारच्या जेवणावर भागत नाही. सकाळच्या न्याहारीपासून त्याचा हिशेब ठेवावा लागतो.

पावसाळ्यातल्या वाढीचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, पण मला तो फार मोलाचा वाटला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजे नुस्ते महाग होते किंवा मिळतच नाही, आणि ताटातली प्रथिने सुक्या बांगड्याच्या एखाद्या तुकड्यापुरती उरतात. पाठोपाठ श्रावण येतो आणि अनेक घरांत मासे-अंडी पूर्ण बंद होतात. मग पातोळ्या, चवथीच्या नेवऱ्या, मोदक. त्यात पावसामुळे चालणेही थांबलेले असते. म्हणजे तीन-साडेतीन महिने तुमच्या शरीराला प्रथिने सर्वांत कमी, पीठ-साखर सर्वांत जास्त आणि हालचाल नाममात्र मिळते. या काळाची तजवीज मे महिन्यातच करा. मूग, अळसांदे, चवळी, चणे, सोयाबीन यांची उसळ रोज एका वेळी ठरलेली असावी. पनीर, घट्ट दही आणि आहारतज्ज्ञांनी सुचवलेली प्रथिनांची पावडर जवळ असावी. चवथीला नेवरी खा, पण ती जेवणानंतर, ताटात घेऊन, बसून खा. येता-जाता डब्यातून घेतलेल्या नेवऱ्या मोजल्या जात नाहीत. वजन दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच वेळी करून वहीत लिहा. दोन किलो वाढल्याचे जुलैत दिसले तर उपाय सोपा असतो.

वह्या तपासतानाच्या डब्याविषयी तुम्ही स्वतःला पुष्कळ बोल लावला आहे. दुपारी शाळेत घाईने दोन घास खाऊन पाचला घरी येणाऱ्या बाईला तेव्हा खरीच भूक लागलेली असते. घरी पोहोचताच, वह्या उघडण्यापूर्वी, एक उकडलेले अंडे किंवा वाटीभर चणे बसून खा, आणि वह्या स्वयंपाकघराजवळच्या टेबलावर तपासू नका. काही महिन्यांनी, हे सारे करूनही, मन उदास असताना हात डब्याकडे वळतोच असे दिसले तर समुपदेशकाची मदत घ्यावी. पत्रात मद्याचा उल्लेख नाही, तरीही ज्या प्रदेशात उन्हाळ्यात काजूची उर्राक घरोघरी येते तिथे हे लिहिणे माझे कर्तव्य आहे की अशा शस्त्रक्रियांनंतर मद्य लवकर आणि अधिक चढू शकते, आणि व्यसन जडण्याचा धोका पहिल्या वर्षानंतर वाढलेला काही रुग्णांत आढळला आहे.

चालणे चांगलेच आहे, पण वजन घटताना चरबीबरोबर स्नायूही जातात आणि चाळिशीनंतर ते आपोआप परत येत नाहीत. आठवड्यातून दोन-तीन वेळा ताकदीचा व्यायाम, मग तो खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा का असेना, पाऊस असो वा नसो घरातच करता येतो.

इंजेक्शनांविषयी. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही भूक मंदावणारी औषधे वजनासाठी भारतात २०२५ पासून उपलब्ध झाली आहेत आणि शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या वजनासाठीही डॉक्टर ती वापरतात. ती घेणे म्हणजे हार मानणे, असे मला मुळीच वाटत नाही. मात्र ती बंद केल्यावर घटलेल्या वजनाचा मोठा भाग बहुधा परत येतो, म्हणजे दीर्घकाळाचा खर्च गृहीत धरावा लागतो. भूक आणखी मंदावल्याने प्रथिने आणि जीवनसत्त्वे अधिकच कमी पडू शकतात. आणि स्वादुपिंडाचा दाह झालेल्यांना किंवा घराण्यात विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग असलेल्यांना ती बहुधा देत नाहीत. ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून परस्पर आणून ती कदापि टोचून घेऊ नका, आणि बी-१२ची कमतरता भरून निघण्यापूर्वी तर नकोच.

दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार मी आज करणार नाही. ती पहिलीपेक्षा अधिक जोखमीची असते, आणि एंडोस्कोपी व एक्स-रे यांनी जठराच्या रचनेत दोष दिसला किंवा औषधांना न जुमानणारी जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास असला, तरच तिला बळकट कारण मिळते.

सासूबाईंना सांगावे की नाही, हा अधिकार तुमचाच आहे. माझे मत विचाराल तर सांगावे. आठ वर्षे त्या तुम्हाला प्रेमाने वाढत आल्या आणि आपण नेमके काय बिघडवतो आहोत हे त्यांना कळलेच नाही. एवढा अंधार दोघींवरही अन्यायाचा आहे. सगळा इतिहास सांगायचे धैर्य होत नसेल, तर ‘आई, माझ्या पोटाचे ऑपरेशन झाले आहे, डॉक्टरांनी आधी नुस्ते आणि मग थोडेसे शीत असे जेवायला सांगितले आहे’ एवढे वाक्य पुरे आहे, आणि ते पूर्ण खरेही आहे. शेजारणीला कोणतेही उत्तर देण्यास तुम्ही बांधील नाही.

मुंबईच्या रुग्णालयाला कळवून शस्त्रक्रियेच्या टिपणाची आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत मागवून घ्या. तिकडे वरचेवर जाणे जमणार नसेल तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या शस्त्रक्रिया विभागात ही कागदपत्रे दाखवून पुढे कोणाकडे नियमित दाखवावे ते विचारता येईल. ज्या डॉक्टरांसमोर जायला तुम्हाला लाज वाटते, त्यांनी परतलेले वजन कितीतरी रुग्णांत पाहिलेले असते. त्या भेटीला यजमानांना सोबत न्या, वजनाची वही त्यांच्या हाती द्या, आणि पैसे पाण्यात गेले का हा प्रश्न डॉक्टरांना यजमानांनाच विचारू द्या.