नाताळच्या सुट्टीत बेळगाव पायी फिरून बघता येईल का?

तुमचा मुक्काम स्टेशनजवळ आहे, हाताशी दोन दिवस आहेत, गाडी नाही, रिक्षा करत फिरण्यापेक्षा चालायला आवडतं आणि कन्नड वाचता येत नाही, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय.

चालतच फिरा. माझा जन्म इथला, आणि बेळगाव चालणाऱ्यालाच नीट कळतं असं माझं ठाम मत आहे. कारण हे एक गाव नव्हेच, शेजारी शेजारी वाढलेली तीन गावं आहेत. १८१८ साली इंग्रजांनी पेशव्यांच्या माणसांकडून किल्ला घेतला आणि पुढे गावाच्या पश्चिमेला आपला कॅम्प वसवला. मधे गल्ल्यांचं जुनं बेळगाव राहिलं. रुळांपलीकडचं शहापूर तर सांगली संस्थानच्या कारभारात होतं. गाडीतून हे सगळं एकच शहर वाटतं. पायी गेलात की रस्त्याची रुंदी, घरांची ठेवण, कानावर पडणारी बोली पाच-दहा मिनिटांत बदलते.

पहिला दिवस कॅम्पपासून धरा, आणि सकाळी लवकर निघा. डिसेंबरात इथं धुकं असतं, स्वेटर लागतोच. अकरानंतर ऊन चांगलं लागतं. कॅम्पात जुनी झाडं, बैठे बंगले, लष्कराची आवारं आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच आहे, म्हणून फाटकांसमोर फोटो काढू नका. फातिमा कॅथेड्रल आणि इंग्रजांच्या काळातलं दगडी सेंट मेरीज चर्च दोन्ही बघा. चोवीसच्या रात्री आणि पंचवीसच्या सकाळी प्रार्थनेची गर्दी असते. तेव्हा मागे शांत उभं राहावं, आत फिरून बघायचं ते दुपारी. इथल्या ख्रिस्ती घरांत गोव्याकडून आलेली पुष्कळ आहेत. दारात चांदण्या, अंगणात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, बोलणं कोंकणी. एखाद्या बेकरीत कुलकुल किंवा दोदोल हे नाताळचे गोड पदार्थ दिसले तर घ्या, वर्षभर मिळत नाही.

कॅम्पातून पूर्वेला चालत आलात की खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली. इथं घाई करू नका. पाट्या कन्नडमध्ये दिसल्या म्हणून बिचकू नका, दुकानात सरळ मराठीत विचारा. तोच दुकानदार तुमच्याशी मराठी, पुढच्या गिऱ्हाइकाशी कन्नड आणि त्याच्यामागच्याशी हिंदी बोलेल. सीमाभागाविषयी बाहेर जे वाद ऐकू येतात ते खरे आहेत, माणसांच्या मनात ते आहेतही. पण बाजारातलं हे रोजचं बोलणंही तितकंच खरं आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. कुंदा ही इथली खव्यासारखी दुधाची मिठाई, ती इथंच घ्या, सुटी घेऊन आधी चव बघा. मांडे मिळाले तर सोडू नका.

रिसालदार गल्लीला आवर्जून जा. १८९२ साली स्वामी विवेकानंद बेळगावात आले तेव्हा आधी या गल्लीत भाटे वकिलांच्या घरी उतरले, मग किल्ल्यात हरिपद मित्र या वन अधिकाऱ्यांकडे राहायला गेले. दोन्ही जागा जपलेल्या आहेत. गल्लीतून किल्ल्यापर्यंत चालत जा, म्हणजे जुनं गाव आणि किल्ला यांतलं अंतर पायांना कळतं. किल्ल्याभोवती खंदक आहे, दाराशी गणपती आणि दुर्गेची देवळं आहेत. आत तेराव्या शतकाच्या सुरुवातीची कमल बस्ती (बस्ती म्हणजे जैन मंदिर), सफा मशीद आणि रामकृष्ण आश्रम, सगळं थोड्या थोड्या अंतरावर. बस्तीच्या छतातलं दगडी कमळ बघायला मान वर करून निवांत थांबा. घाईत आलेली माणसं ते न बघताच परततात. आतही लष्कराचा भाग आहे, ओळखपत्र जवळ ठेवा.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवरून काँग्रेस रोडनं टिळकवाडीकडे. तुमच्या तारखा जमत असतील तर हे २६ किंवा २७ डिसेंबरलाच करा. १९२४ साली याच दोन दिवशी इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असं हे एकच अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सगळी उभारणी केली. आलेल्या लोकांना पाणी हवं म्हणून खोदलेली विहीर अजून आहे, तिला आम्ही काँग्रेस विहीर म्हणतो. शेजारी वीरसौध हे स्मारक आहे. नाताळच्या त्या थंडीत देशभरातून माणसं या माळावर येऊन राहिली होती, हे तिथं उभं राहिल्यावर मला दरवेळी नव्यानं वाटतं.

तिथून रूळ ओलांडून शहापूर. इथं साड्यांची दुकानं, पुढे खासबाग, वडगावकडे विणकरांची वस्ती. रविवार असेल तर खासबागचा बाजार गाठा. येताना कपिलेश्वराच्या देवळावरून परत या.

एकच व्यावहारिक सूचना: कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरातच इथल्या सुवर्णसौध या विधानभवनात भरतं, तेव्हा लॉजच्या खोल्या मिळत नाहीत. बुकिंग आधी करा. आणि मुक्काम वर्षअखेरपर्यंत वाढवता आला तर जरूर वाढवा. त्या दिवसांत कॅम्पात रस्त्याकडेला गवत आणि जुन्या कपड्यांचे 'ओल्ड मॅन' नावाचे पुतळे विकायला उभे असतात. एकतीसच्या मध्यरात्री ते पेटवतात, आणि ते बघायला गल्ल्यांतली, शहापुरातली माणसंही तिकडे जातात.