नवा सायलेन्सर घेण्याआधी हे बघ

बाइकचा आवाज फुटका येतोय म्हणून लगेच सायलेन्सर बदलायला धावू नकोस. आधी गळती शोध. इंजिन पूर्ण गार असताना इंजिनाच्या हेडाजवळच्या (जिथून धुराचा पाइप निघतो) आणि पाइपाच्या मधल्या जोडावर साबणाचं पाणी लाव आणि गाडी चालू कर. बुडबुडे आले की चोर सापडला. तिथलं गॅस्केट, म्हणजे जोडातली फट बंद करणारी रिंग, एकदा दाबलं गेलं की संपलं, त्यामुळे नवंच टाक. हेडाजवळचे दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळ. एकच बाजू आधी घट्ट केलीस तर फ्लँज (नटांनी आवळायची पाइपाची कडा) तिरका बसतो आणि फटफट परत सुरू. बऱ्याच गाड्यांचा आवाज एवढ्यानेच गोल होतो, खरंच.

कंपनीचा नसलेला, बाहेरून घेतलेला ग्लासवूलवाला (आत काचेच्या तंतूंचा कापूस भरलेला) सायलेन्सर असेल तर अनेकदा आतली वूल जळून गेलेली असते, म्हणून पत्र्यासारखा आवाज येतो. रिव्हेट काढून नवी वूल भर, पण हातमोजे आणि मास्क घालूनच.

कंपनीच्या सायलेन्सरला भोकं मात्र पाडू नकोस, कळकळीने सांगतो. आवाज नुसता कर्कश होतो, कमी वेगातला पिकअप जाऊ शकतो, आणि शेजारच्या घरात झोपलेलं बाळ दचकून उठतं.